लिमीची दुसरी कॅसेट

ऐझॉल,
२२ सप्टेंबर २००३

प्रिय पा,

मावियाच्या सुमोतून हे पाकीट आणि एक कॅसेट पाठवतेय. कॅसेटला ऊन लागू देऊ नकोस असं त्याला तीनदा बजावलं, तर म्हणतो, "लिमे, मी डुकराची पिल्लंसुद्धा सुखरूप नेली आहेत." मिळाली की कळवा.

पा, झाली एकदाची माझी दुसरी कॅसेट. नाव 'सूर्यफुलांचा डोंगर'. दहा गाणी, आणि दहाही हसरी. एकातसुद्धा कुणी मरत नाही, कुणी नदीपलीकडे जात नाही, कुणी वरून हाक मारत नाही. तिसरं गाणं तर आपल्या घाटातल्या सुमोवाल्यावर आहे. दर वळणावर हॉर्न वाजवून पोरींना हात करणारा. माविया म्हणतो ते त्याच्यावरच आहे. म्हणू दे.

पहिली कॅसेट आई गेल्यावर केली होती, ती चूक होती असं मी म्हणणार नाही. तेव्हा मला दुसरं काही सुचतच नव्हतं. पण लोकांनी ती अशी डोक्यावर घेतली की अजून खाली उतरवत नाहीत. कुणाकडे मयत झालं की शोकाच्या तिन्ही संध्याकाळी माझीच गाणी. केबलवर सात वाजता मयतांची नावं सांगतात, त्यामागेही मीच. तीन वर्षं झाली, इथे माणूस गेलं की आधी माझा आवाज येतो आणि मग त्याचं नाव येतं. बाजारात भाजीवाली माझा हात धरून रडते आणि मग एक मुळा जास्त देते. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या लग्नात मी नुसता माइक हातात घेतला, तर नवऱ्याची आई लगबगीने आली आणि कानात म्हणाली, "आज नको ग बाई."

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. मला लग्नात गायचं आहे, पा. या कॅसेटवर माझं सगळं आहे.

ऐका आणि खरं सांगा. मास्तर म्हणून सांगा, बाप म्हणून नको.

तुमची,
लिमी


झोखुआ,
२९ सप्टेंबर २००३

प्रिय लिमी,

कॅसेट सुखरूप पोचली. माविया मात्र घाटात तीन ठिकाणी ती वाजवून आला असावा, कारण फीत मध्यावर होती.

मास्तर म्हणून सांगतो. चौथ्या गाण्यात तू वरचा 'सो' ताणतेस तिथे श्वास अपुरा पडतो. सातव्यात मागच्या पोरी बेसूर आहेत, त्यांना माझ्याकडे पाठव. तिसरं गाणं उत्तम. मी बासष्ट वर्षांचा, चर्चच्या गायकवृंदाला छत्तीस वर्षं शिकवलेला माणूस, भात ढवळता ढवळता नाचलो. कुणाला सांगू नकोस.

आता बाप म्हणून एक गंमत सांगतो. हसायचं की रडायचं ते तूच ठरव. शनिवारी सकाळचा भात खाऊन तू दिलेला तो टेप खिडकीत ठेवला, दोन्ही बाजू आपोआप वाजणारा, आणि आवाज चांगला मोठा केला. अर्ध्या तासात शेजारची पी रोझामी दारात. पदराआड मयताच्या घरी नेतात तसा चहापत्तीचा पुडा आणि गुळाचा खडा, डोळे भरलेले. मला उभा बघून ती किंचाळलीच. मागोमाग चार जवान पोरं पहारी आणि फावडी घेऊन आली आणि खड्डा कुठे खणायचा म्हणून विचारू लागली. शेवटी आपला दवंडीवाला दार्थांगा, खांद्यावर भोंगा. "मास्तर," म्हणतो, "नाव काय सांगू?"

"माझंच सांग," म्हटलं, "आणि पुढे जोड की चहा प्यायला या."

लाल चहा केला, सगळ्यांनी तुझी कॅसेट ऐकली. गंमत बघ, सुमोवाल्याचं गाणं ऐकूनही पी रोझामी रडतच होती. "आवाज आला की रडू येतंच," म्हणाली, "मी काय करू?"

ऐझॉलला काय म्हणतात?

तुझा,
पा


ऐझॉल,
१४ ऑक्टोबर २००३

प्रिय पा,

तुमचं पत्र वाचून हसले.

इथेही तेच चाललंय, फक्त इथे कुणी चहा पीत नाही. केबलवाल्यांनी सुमोवाल्याचं गाणं दुपारी लावलं. मी पिवळा फ्रॉक घालून त्यात नाचलेय. गाणं संपायच्या आत त्यांच्याकडे सत्तर फोन आले. कोण गेलं? कुठल्या मोहल्ल्यातलं? एका बाईने तर नवऱ्याला कचेरीतून घरी बोलावलं. दुसऱ्या दिवसापासून गाणं बंद. दुकानदार कॅसेटी परत पाठवतायत. वर्तमानपत्रात एकाने लिहिलंय की ज्या आवाजाने आपले अश्रू पुसले तो आता आपल्यालाच वेडावतोय.

पु मुआना, ज्यांनी माझ्या दोन्ही कॅसेटी काढल्या, ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसवून, पाणी देऊन सांगितलं, "लिमी, देवाने तुला एक दार दिलंय, तू भिंतीवर डोकं आपटतेस." नाताळपर्यंत ही कॅसेट उठली तर ठीक, नाहीतर तिसरी पुन्हा शोकगीतांची करायची. ती नको असेल तर त्यांच्याकडे माझं काम नाही.

मी तसली कॅसेट पुन्हा करणार नाही. आई गेली तेव्हाचं रडं खरं होतं. आता रडले तर ते नाटक होईल, आणि लोक त्या नाटकावर आपली माणसं पुरतील. मला ते जमायचं नाही. नाताळनंतर मी गाणं सोडीन आणि एखाद्या शाळेत नोकरी बघेन. तुमची मुलगी आहे, तेवढं येईल.

लिमी


झोखुआ,
२५ ऑक्टोबर २००३

प्रिय लिमी,

गाणं सोडते म्हणे! शाळेत जाऊन तू काय शिकवणार? पाढे तुला अजून येत नाहीत.

नीट ऐक. लोकांचा कान म्हणजे सवय, दुसरं काही नाही. आपल्या वृंदातला खालच्या पट्टीचा तो लांब मानेचा थांगा आठवतो? अकरा महिने तो सगळ्यांच्या 'मी'वर आपला 'फा' लावायचा. मी त्याला हाकललं नाही. रोज तेच एक गाणं म्हणायला लावलं. बाराव्या महिन्यात लागला सूर. लोक थांगापेक्षा काही फार वेगळे नसतात.

म्हणून मी ठरवलंय. रोज सकाळचा भात झाला की तुझी कॅसेट खिडकीत, चांगल्या मोठ्या आवाजात, दुपारपर्यंत. नाताळपर्यंत झोखुआला शिकवून सोडतो की लिमीचा आवाज म्हणजे मयत नव्हे. एक गाव सुधारलं की दुसरं सुधारतं. चर्चमध्ये नवी चाल अशीच पसरते.

पहिल्या आठवड्याचा निकाल असा. सोमवारी सतरा माणसं आली. मंगळवारी बारा. बुधवारी खालच्या आळीतला एक म्हातारा काठी टेकत आला, मला पाहिलं आणि संतापला. "एवढा चढ चढवलास आणि मेला नाहीस?" म्हणाला. त्याची समजूत काढताना माझी जीभच वळेना, शब्द तोंडातल्या तोंडात. त्याला वाटलं मी प्यालोय. मग खरंच भांडण झालं. शुक्रवारी पाच.

चौथ्या गाण्यातल्या श्वासाचं मनावर घेतलंस का?

पा


ऐझॉल,
९ नोव्हेंबर २००३

प्रिय पा,

तुम्ही आणि तुमचा थांगा! पण पत्र वाचून बरं वाटलं. पु मुआनांनाही वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "मास्तरांना माझ्याकडे नोकरीला पाठव."

तुमचं अक्षर का असं झालंय? मला मेणकापडावर बोरूने वळणं गिरवायला लावणारा माणूस आणि आता ओळी उताराला लागल्यात. घाईघाईत लिहिता ना, माविया हॉर्न वाजवतो म्हणून? त्याला थांबवत जा, थांबतो तो.

इथे अजून काही हललेलं नाही. काल एका शाळेच्या मुलींनी सुमोवाल्यावर नाच बसवला होता. बाईंनी आयत्या वेळी रद्द केला, कारण एका मुलीची आजी आजारी होती आणि घरच्यांनी अपशकुन मानला. ती मुलगी माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मीच तिच्या आजीला काहीतरी केलंय.

पा, तुम्ही इथे या ना थोडे दिवस. डॉक्टरांनाही दाखवून घेऊ, ते जिभेचं तुम्ही लिहिलंत ते मला आवडलं नाही.

लिमी


झोखुआ,
२४ नोव्हेंबर २००३

प्रिय लिमी,

जीभ ठणठणीत आहे. म्हातारपणी दात गेले की जिभेला मोकळं मैदान मिळतं आणि ती भटकते, एवढंच. अक्षराचं म्हणशील तर थंडी. डावा हात जरा बधिर असतो, रविवारी ढोलावर नीट पडत नाही. पण ढोल वाजवायला आता पोरं तयार झाली आहेत, आणि अक्षर मी उजव्या हाताने काढतो, तेव्हा त्याची चिंता तू करू नकोस.

मी आता ऐझॉलला आलो तर इथे कॅसेट कोण लावणार? दार्थांगाला सांगितलं होतं, तर तो टेपची कुठली कळ दाबायची ते विसरतो. नाताळ झाला की येतो. डॉक्टर कुठे पळून जात नाहीत.

निकाल ऐक. या आठवड्यात फक्त पी रोझामी आली, तीही मीठ मागायला. डोळे कोरडे! मी विचारलं, "रडू नाही आलं?" तर म्हणते, "मास्तर, तो सुमोवाला आता मला पाठ झालाय. भांडी घासताना तोंडात येतो मेला." लिमी, एका बाईच्या तोंडात तुझं गाणं आपोआप आलं. याला म्हणतात कॅसेट उठणं.

समोरचा डोंगर सूर्यफुलांनी पिवळा झालाय. तू मुद्दाम हे नाव दिलंस ना? तुझी आई त्याच पायवाटेने लाकडं आणायची. मला ते कळलं नाही असं समजू नकोस.

पा


झोखुआ,
९ डिसेंबर २००३

लिमी,

जिंकलो!

काल मुद्दाम आवाज आणखी मोठा केला. पूर्ण. खिडकीची काच थरथरत होती. कोणीही आलं नाही! रस्त्याने माणसं जात होती, बघत होती, आणि आपल्या वाटेने पुढे. पोरं पाय नाचवत गेली. दार्थांगा त्याच्या ओसरीत बांबू चिरत बसला होता, त्याने मान वर केली नाही. मी दारात उभा राहून वाट पाहिली. पंधरा मिनिटं, अर्धा तास. एक माणूस नाही! आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या घरी कोणी आलं नाही म्हणून मला आनंद झाला.

आता पुढचं. नाताळच्या गावजेवणात सुमोवाल्याचं गाणं अख्खा वृंद चार आवाजांत म्हणणार. मी स्वरलिपी मांडतोय, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. खालची पट्टी हॉर्न वाजवते, थांगासाठी खास. तू बावीसला ये, आणि पु मुआनांनाही घेऊन ये. त्यांना डोळ्यांनी बघू दे की तुझ्या आवाजावर माणसं जेवतात, नाचतात. मग ते तुला पुन्हा रडायला सांगणार नाहीत.

अक्षराबद्दल काही बोलू नकोस.

पा


ऐझॉल,
१३ डिसेंबर २००३

प्रिय पा,

मी तुमचं पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथेच ओरडले. घरमालकीण बाहेर आली आणि म्हणाली, "काय झालं? कोण गेलं?" मी तिला मिठी मारली.

बावीसला येतेय. पु मुआनाही यायला तयार झाले. "सतरावरून शून्यावर," म्हणाले, "मास्तरांनी शून्यावर आणून दाखवलं!" केबलवाल्यांशीही बोलतो म्हणाले, नाताळात गाणं पुन्हा लावून बघू.

मला तर आत्ताच निघावंसं वाटतंय. चौथ्या गाण्यातला तो श्वास मी रोज घोटते, तुमच्यासमोर म्हणून दाखवीन. आणि नाताळ झाला की तुम्ही माझ्याबरोबर ऐझॉलला. या वेळी थंडी, ढोल, टेप, काही ऐकणार नाही.

पा, तुम्ही नसतात तर मी कधीच सोडून दिलं असतं.

तुमचीच,
लिमी


झोखुआ,
५ जानेवारी २००४

चिरंजीव लिमीस,

दार्थांगाचा आशीर्वाद. मला लिहायची सवय नाही, आजवर जे काही सांगायचं ते भोंग्यावरून सांगितलं. पण हे भोंग्यावरून सांगण्यासारखं नाही. मास्तरांच्या मातीला तू आलीस, तीन दिवस आमच्यात बसलीस. रोज ठरवायचो, आज सांगू. तुझं तोंड बघितलं की सांगवेना. म्हणून लिहितो.

तुला आम्ही सांगितलं की मास्तर पंधरा तारखेला दुपारी गेले. खरं तसं नाही.

त्या दिवशी सकाळी रोजच्यासारखी तुझी कॅसेट लागली. मी ओसरीत होतो. साडेनवाच्या सुमाराला आवाज एकदम वाढला. एवढा मोठा की माझ्या कोंबड्या पळाल्या. पी रोझामी तिच्या अंगणात मोहरीचा पाला निवडत होती. मी तिला म्हटलं, "आज मास्तरांना फारच जोर आलाय." ती हसली. मी इथूनच ओरडलो, "मास्तर, आमचे कान फुटतील हो!" उत्तर आलं नाही. वाटलं, ऐकू कुठून येणार. मी टोपली पाठीला लावली आणि शेतावर निघून गेलो. मास्तरांच्या दारावरूनच गेलो, लिमी. दार उघडं होतं. मी आत बघितलं नाही.

तीन वाजता तुझा आवाज बिघडला. रेड्यासारखा घोगरा यायला लागला. टेप फीत खातोय आणि मास्तर बंद का करत नाहीत, असं म्हणत पी रोझामी रागवायला गेली. मास्तर टेपच्या खाली जमिनीवर पडले होते. चुलीपासून खिडकीपर्यंत राख फरफटत आली होती. डावं अंग गेलेलं. उजवा हात वर, आवाजाच्या कळीवर. अजून गरम होते.

चंफायहून आलेले डॉक्टर म्हणाले, झटका सकाळी आला असणार, त्यात वाचा गेली असणार. सकाळीच कुणी आलं असतं तर काही सांगता येत नाही, असंही म्हणाले. त्यांना ओरडता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तुझा आवाज मोठा केला. आम्हाला हाक मारत होते. पन्नास घरांनी ऐकली ती हाक. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट असती तर अर्ध्या तासात अंगणात माणूस मावलं नसतं.

तुझं शेवटचं पाकीट त्याच संध्याकाळी माविया घेऊन आला. फोडलं नाही. सोबत परत पाठवतो.

आणखी एक विचारायचं आहे. घर आवरताना कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेलं सुमोवाल्याचं गाणं सापडलं, चारी आवाजांचं. शेवटच्या ओळी वाकड्या आहेत पण वाचता येतात. नाताळच्या तोंडावर खालच्या आळीतला तो काठीवाला म्हातारा गेला. त्याच्या घरी बसलो असताना थांगाने तो कागद काढला. ढोलावर, अगदी संथ म्हटलं. हॉर्नची जागा आली तिथे कुणाला पुढे गाता येईना. शेजारच्या दोन गावांची माणसं होती, त्यांनी उतरवून नेलं.

ते हसायचं गाणं होतं, आणि ते तसंच राहावं म्हणून मास्तर जिवाचं रान करत होते, हे मला ठाऊक आहे. तू नको म्हणालीस तर मी भोंग्यावरून मनाई करीन. तेवढं तरी करू दे.

दार्थांगा


ऐझॉल,
१२ जानेवारी २००४

पु दार्थांगा यांस,

तुमचं पत्र मिळालं. खोटं कशाला सांगू, मला तुमचा फार राग आला. उघड्या दारावरून गेलात, ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेन. चार दिवस तुम्हाला मनात येईल ते बोलत होते. पी रोझामीलासुद्धा. पाचव्या दिवशी पांची सगळी पत्रं काढून तारखेप्रमाणे लावली आणि वाचली. सतरा माणसं, बारा, पाच, शून्य. तुमची यायची सवय होती. ती आम्ही दोघांनी मोडली. मी इथे रडत बसले म्हणून त्यांनी मोडली. जीभ वळत नाही, हात बधिर आहे, ओळी उतरतायत, सगळं त्यांनी मला लिहून पाठवलं होतं, आणि मी त्यांच्या अक्षराची चेष्टा केली. तेव्हा हे ओझं एकट्याने वाहू नका. त्यातलं मोठं गाठोडं माझं आहे.

सुमोवाल्याबद्दल विचारलंत. तुमच्या पत्राच्या आधीच पु मुआना येऊन गेले. गाणं त्या दोन गावांतून इथवर पोचलंय, लोक दुकानात कॅसेट मागतायत. दुकानदारांकडे उरलेली नाही, पुन्हा काढावी लागणार आहे. माझी दुसरी कॅसेट उठली. केबलवाल्यांना संध्याकाळी सात वाजता मयतांच्या नावांमागे तेच गाणं हवंय. पु मुआना खाली मान घालून म्हणाले, "तू नाही म्हणालीस तर मी त्यांना सांगीन." नाहीच म्हणणार होते. ते एक गाणं तरी मला लग्नासाठी ठेवायचं होतं.

आज त्यांना हो म्हणून सांगितलं. तुम्हीही म्हणा. चौथ्या गाण्यातला श्वास आता मला जमतो, पण तो ऐकायला कुणी नाही, म्हणून कुठलं गाणं कुठे म्हणायचं याचा हट्ट मी सोडला.

तुम्ही काहीतरी करू दे म्हणालात, तर एवढं करा. मनाई नको. रविवारी प्रार्थना सुटली की भोंगा घ्या आणि वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत सांगा, की लिमीचा आवाज कुठल्याही घरातून आला, गाणं रडायचं असो की नाचायचं, तर हातातलं काम टाकून आधी त्या घरी जायचं. दार उघडं असलं तरी आत जाऊन बघायचं. माणूस धडधाकट उभं दिसलं तर चहा प्यायचा आणि परत यायचं.

पी रोझामीला म्हणावं, चहापत्तीचा पुडा पदराशी असू दे.

तुमची,
लिमी